शाळेच्या गैरसोयींची आणि पाठ्यपुस्तकांची तक्रार : कोणाकडे, कशी करावी

‘शाळेची अवस्था वाईट आहे’ असा अर्ज दिला, तर ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असेच उत्तर येते. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी शाळेच्या कागदावर काय नोंदले आहे ते पाहावे. प्रत्येक शाळेला 11 अंकी युडायस क्रमांक (शासनाच्या शाळा-माहिती प्रणालीतील ओळख क्रमांक) असतो आणि वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी यांची माहिती शाळेनेच युडायस प्लस प्रणालीत भरलेली असते. ती नोंद समोर ठेवून शाळेत एक फेरी मारावी. मी पाहिलेल्या एका शाळेत मुलींचे स्वच्छतागृह कागदोपत्री ‘वापरात’ होते; प्रत्यक्षात त्याला कुलूप होते आणि आत मोडके बाक व खराटे रचलेले होते. अर्जात नेमकी हीच तफावत, तारीख आणि छायाचित्रासह, लिहावी.

कायद्याचा आधारही भक्कम आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पुरेसे सुरक्षित पाणी, अडथळाविरहित प्रवेश, मैदान आणि कुंपण हे निकष दिलेले आहेत. ते खाजगी शाळांनाही लागू आहेत.

जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत पहिला अर्ज मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला द्यावा. समितीत 75 टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे; शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिचीच कामे आहेत. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदानापैकी किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेसाठी वापरायची असते, त्यामुळे ‘निधी नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. खर्चाचा हिशेब पाहायला मागावा आणि आपला विषय बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. तेवढ्याने काम झाले नाही, तर ग्रामीण भागात केंद्रप्रमुख (जवळच्या काही शाळांच्या गटाचे पर्यवेक्षक), गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) या क्रमाने वर जावे. प्रत्येक ठिकाणी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. टपालपेटीत टाकलेला अर्ज हरवला तर तो दिल्याचा पुरावा राहत नाही.

पाठ्यपुस्तकांबाबत आधी दोष कोणता ते ठरवावे. मोफत पुस्तके वर्गात पोहोचलीच नसतील, तर तो वितरणाचा प्रश्न असून गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे न्यावा. पाने उलटसुलट किंवा गहाळ असतील, तर पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेला मुद्रणादेश, मुद्रकाचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष उतरवून पुस्तक बदलून मागावे. मजकुरात चूक असेल, तर पुण्यातील बालभारतीला, म्हणजे 1967 मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाला, इयत्ता, विषय, पृष्ठ क्रमांक, छापलेले वाक्य आणि सुचवलेले वाक्य अशा स्वरूपात पत्र लिहावे. मात्र चूक आणि मतभेद यांत गल्लत करू नये. 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ वाचण्याची पद्धत आली तेव्हा बराच वाद झाला, पण ती मुद्रणदोषाची बाब नव्हती, तर अध्यापनाच्या पद्धतीची होती. असा आक्षेप नोंदवताना वर्गात मुलांना येणारा अनुभव लिहावा.

उत्तरच येत नसेल, तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या टिपणीची प्रत’ मागावी. ‘कारवाई का केली नाही’ असे विचारू नये, कारण माहिती अधिकारात कारणमीमांसा नव्हे, तर उपलब्ध अभिलेख मिळतो. त्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे. मुलांच्या हक्काचा भंग होत असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार जिल्हा परिषद किंवा महापालिका या स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो आणि त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. शिक्का मारलेल्या जुन्या प्रती अपिलाला क्रमाने जोडाव्यात.