वयात येणाऱ्या मुलांशी वागताना या चुका टाळा

"हल्ली काही बोलतच नाही हो" ही तक्रार मी वीस वर्षं ऐकते आहे. मी समुपदेशक नाही. माध्यमिकच्या वर्गांना शिकवते आणि घरी दोन मुलं वाढवली. तक्रार आली की मी एकच विचारते: शेवटचं बोलला होता, तेव्हा त्या बोलण्याचं तुम्ही काय केलंत?

मुलांनी सांगितलेलं इतरांना सांगत सुटणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण ती मी स्वतः केली आहे. थोरली चौदा वर्षांची होती. रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, मैत्रिणींनी तिला गटातून काढलंय आणि मधल्या सुट्टीत ती वाचनालयात जाऊन बसते. त्या रात्री मी शहाण्यासारखी गप्प ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र बहिणीला फोनवर सगळं सांगितलं, वर हसून "या वयातली नाटकं गं, दोन दिवसांत होतील गोड" असंही म्हटलं. लेक दाराशीच उभी होती.

ती ना भांडली, ना रडली. पुढचे आठ महिने "कसा गेला दिवस?" याला "ठीक" आणि "काय झालं?" याला "काही नाही". मी माफी दोनदा मागितली. पहिल्या वेळी "पण मावशीच तर आहे" हे शेपूट लावलं होतं, त्यामुळे ती वाया गेली. मग एके दिवशी तिने एक अगदी फुटकळ गोष्ट सांगितली. माझी परीक्षा चालली आहे हे मला कळलं. मी ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

तेव्हापासून सवयच लावून घेतली आहे. मुलांनी काही सांगितलं की तिथल्या तिथे विचारते, "हे बाबांना सांगू, की आपल्यातच?" जिवावर बेतणारं असेल किंवा कुणी त्रास देत असेल, तर मात्र गुप्तता नाही. पण तेव्हाही कुणाला सांगणार आहे हे आधी मुलाला सांगते, मग त्या माणसाला.

चोरून फोन तपासणं

झटपट उपाय म्हणून हा सगळ्यांना आवडतो. स्टॅटिन आणि केर या दोन संशोधकांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं, त्यातलं बरंचसं मुलांनीच आपणहून सांगितलेलं असतं. पाळत ठेवून हाती लागतं ते त्यामानाने थोडं, असं त्यांना दिसलं. मला तर वर्गात रोज दिसतं: ज्यांचे फोन तपासले जातात त्यांच्याकडे दुसरं खातं असतं. फोनचे नियम हवेतच, पण ते तोंडावर सांगून.

दारातच उलटतपासणी

पाऊल आत पडायच्या आत गुण किती, उशीर का, बरोबर कोण होतं. पहिला अर्धा तास काही विचारू नका.

सकाळच्या झोपेला आळस म्हणणं

या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. तेरा ते अठरा या वयात ८ ते १० तासांची झोप गरजेची असते, आणि शाळेची घंटा त्यासाठी थांबत नाही. सुट्टीच्या दिवशी थोडं जास्त झोपू द्या.

"नीट विचार कर" एवढंच सांगून पाठवणं

घरी शहाणा असलेला मुलगा मित्रांत गेला की वेगळा वागतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ सालच्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात मित्र सोबत असताना किशोरांनी जास्त धोके पत्करले. तिथे तुमचं प्रवचन आठवणार नाही. आमच्या घरी एक खुणेचा शब्द आहे. तो संदेशात आला की मी लगेच फोन करते आणि "आत्ताच्या आत्ता घरी ये" म्हणून ओरडते. मित्रांसमोर वाईट मी ठरते, मुलाची सुटका होते. पाच वर्षांत तो दोनदाच वापरला गेला, आणि दोन्ही वेळा मी कारण विचारलं नाही. त्यातल्या एका वेळचं कारण पुढे आपणहून कळलं.

"आमच्या वेळी..."

नकोच.

आठवडाभरात निकाल मागणं

न बोलणाऱ्या मुलाची तक्रार घेऊन आलेले एक वडील दहा दिवसांनी परत आले. रोज अर्धा तास मुलाजवळ बसतो, तरी तो बोलत नाही, म्हणाले. मी विचारलं, अर्धा तास करता काय? म्हणाले, "त्याच्याकडे बघत बसतो." मी म्हटलं, उठा आणि त्याच्या सायकलची साखळी गंजली असेल, तिचा गंज दोघांनी मिळून काढा.