लॅबमध्ये उघडला की प्रोजेक्ट रिपोर्ट का वाढायचा?

कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये आम्ही विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही मुक्त प्रणाली आणि वर्डसारखं काम करणारं मोफत लिबरऑफिस बसवलं आणि आठवड्याभरात तक्रार आली: घरी वर्डमध्ये 62 पानांचा असलेला रिपोर्ट इथे 67 पानांचा होतो, अनुक्रमणिका चुकते, तक्ते तुटतात. सगळ्यांनी लिबरऑफिसलाच दोष दिला. खरं सांगायचं तर मीही.

एका रिपोर्टमध्ये सहज फॉन्टच्या चौकटीकडे लक्ष गेलं. ‘कॅलिब्री’ हे नाव तिरक्या अक्षरांत दिसत होतं. म्हणजे तो फॉन्ट मशीनवर नाहीच! त्याच्या जागी दुसराच, जास्त रुंद फॉन्ट आला होता. ओळी लांबल्या, पानं वाढली.

कॅलिब्री मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखाली येतो, तो असाच उचलून टाकता येत नाही. पण ‘कार्लिटो’ हा मुक्त फॉन्ट आहे आणि त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे. मायक्रोसॉफ्टच्याच केंब्रिया फॉन्टसाठी तसाच ‘कॅलाडिया’. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनची जागा घेणारे ‘लिबरेशन’ फॉन्ट आमच्याकडे आधीपासून होते.

कार्लिटो आणि कॅलाडिया, दोन्हींची पॅकेजं एका मशीनवर टाकली, लिबरऑफिस पुन्हा सुरू केलं. 62 पानं! मग उरलेल्या मशीनवर तेच केलं. समीकरणं मात्र अजून अधूनमधून सरकतात, म्हणून अंतिम प्रत पीडीएफमध्येच मागतो.