लेझर गर्दीवर फिरवताय? आधी या चुका टाळा

गल्लीच्या वळणावर ट्रॉली खड्ड्यात आदळली, जनरेटरनं क्षणभर मान टाकली आणि लेझरचा हिरवा पंखा मिटला. बाकीचे दिवे परत आले, पंखा काही उघडला नाही. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर एकच हिरवा ठिपका ठाण मांडून बसला होता. कठड्यामागे एक आजी नातवाला कडेवर घेऊन मिरवणूक बघत होत्या. ऑपरेटर पोरगा डीएमएक्सची, म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवणारी वायर चाचपत होता. मी सरळ मेन पाडला. साउंडही त्याच लाईनवर होता, त्यामुळे पुढची दहा मिनिटं कार्यकर्त्यांच्या शिव्या खाल्ल्या.

लोकांवर लेझर फिरवण्यातली पहिली चूक त्या ठिपक्यातच आहे. आपण बघतो तो पंखा, बोगदा, लाट असं काही नसतंच. असतो एकच किरण. मशीनमधले दोन चिमुकले आरसे तो इतक्या वेगानं हलवतात की डोळ्याला चादर दिसते. किरण फिरता असेल तर डोळ्यावर क्षणभरच पडतो. आरसे अडकले की सगळी पॉवर एका जागी. म्हणून स्कॅन-फेल सेफ्टी लागते, म्हणजे आरसे थांबताच काही मिलिसेकंदांत किरण विझवणारं सर्किट. ते आहे का, हे दुकानदाराला विचारू नका, करून बघा. हॉल रिकामा, योग्य गॉगल डोळ्यावर, मशीनचं तोंड काळ्या न चकाकणाऱ्या भिंतीकडे, पॉवर कमीत कमी. सॉफ्टवेअरमधून एकच स्थिर बिंदू पाठवा. सर्किट असेल तर मशीन तो दाखवतच नाही. ठिपका भिंतीवर निवांत बसून राहिला, तर ते मशीन गर्दीच्या डोक्यावरूनच चालवायचं.

एवढ्यानं भागत नाही. पंख्याच्या कडेला आणि आकृतीच्या कोपऱ्यात किरण वळायला रेंगाळतो, तिथे डोळ्याला जास्त मार बसतो. आकृती जितकी लहान, तितका तोच किरण त्याच डोळ्यावर पुन्हा पुन्हा. गर्दीवर टाकायचं असेल तर रुंद आणि वेगात फिरणारं टाका. छोटी नक्षी, अक्षरं, लोगो यांची जागा पडद्यावर.

"एवढं काही झगझगत नाही"

हे वाक्य मी दर सीझनला ऐकतो. थोडं गणित करू. दिसणाऱ्या लेझरसाठी, पापणी मिटेपर्यंतचा पाव सेकंद धरून, डोळ्याला चालणारी मर्यादा आहे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2.5 मिलीवॅट. आता 5 वॅटचं मशीन घ्या. निघताना किरण 5 मिलिमीटर जाड, पसरण 1 मिलिरेडियन, म्हणजे दर मीटरला 1 मिलिमीटर. 10 मीटरवर तो जेमतेम दीड सेंटिमीटर होतो. तिथे स्थिर किरणाची तीव्रता निघते दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2800 मिलीवॅट, म्हणजे मर्यादेच्या हजारपट. एवढ्याला पापणी वेळेत मिटत नाही. हाच 5 वॅट 10 मीटरवर मर्यादेत आणायचा तर ठिपका अर्ध्या मीटरहून रुंद करावा लागेल. 100 मिलीवॅटला मात्र 8 सेंटिमीटर पुरतो. जाणकार म्हणूनच गर्दीकडच्या भागात पॉवर उतरवतात आणि किरण पसरवणारी लेन्स लावतात. सगळा जोर वरच्या हवेत.

डोळ्यानं अंदाज घेऊन पॉवर ठेवणं निळ्या रंगात सगळ्यात महागात पडतं. 450 नॅनोमीटरचा निळा आपल्याला हिरव्याच्या मानानं फारच मंद दिसतो. मग ऑपरेटर "निळा उठत नाही" म्हणून तो वाढवत नेतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला मंद-प्रखर कळत नाही, त्याला फक्त मिलीवॅट कळतात.

मोजायचं असेल तर लेझर पॉवर मीटर आणा आणि सगळ्यात जवळचा माणूस जिथे उभा राहील तिथे धरा. मीटरपुढे 7 मिलिमीटरच्या भोकाची पट्टी ठेवा, अंधारातली बाहुली साधारण तेवढी उघडते. स्थिर किरणाचं रीडिंग 1 मिलीवॅटच्या आत असेल तर ठीक. मशीनवरच्या स्टिकरवर विसंबू नका.

ट्रॉलीवरून खाली सोडणं

अमेरिकेत प्रेक्षकांवर थेट किरण टाकायला वेगळी मंजुरी लागते. ती नसेल तर किरण जमिनीपासून 3 मीटर वर आणि बाजूनं अडीच मीटर लांब ठेवावा लागतो. स्टेज जागेवर असतं तेव्हा हे जमतं. मिरवणुकीत 3 मीटरवर काय असतं? पहिल्या मजल्याची गॅलरी. शिवाय ट्रॉली हलते, रस्ता चढतो-उतरतो, आणि तासाभरापूर्वी लावलेल्या अँगलला काही अर्थ उरत नाही. माझं मत सरळ आहे: चालत्या ट्रॉलीवर लेझर नको, शार्पी लावा, म्हणजे बारीक झोत टाकणारा साध्या बल्बचा फिरता दिवा. 2023 च्या विसर्जनानंतर नाशिकमध्ये तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचं नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं. 2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर बीमवर बंदीच आणली. कुणाच्या बंदीची वाट बघावी लागली, याची मला लाजच वाटते.

ऐनवेळी बदललेली जागा हाही घात. 2008 मध्ये मॉस्कोजवळच्या एका खुल्या मैदानातल्या कार्यक्रमात पाऊस आला म्हणून तंबू ताणले गेले. आकाशासाठी लावलेले किरण तंबूखालच्या गर्दीत शिरले आणि अनेकांच्या दृष्टीला कायमची इजा झाली. आपल्याकडे तंबूच्या जागी काचेचं शोरूम, स्टीलची कमान, गाडीची काच असते. लाईट लावून झाल्यावर कुणी आरशाची झालर टांगली, तर पुन्हा पूर्ण तपासणी.

बाकी फुटकळ: धुरानं किरण दिसतो, सौम्य होत नाही. इमर्जन्सी स्टॉप ऑपरेटरच्या हाताशी हवा आणि तो लेझरपुरताच हवा, माझ्यासारखा साउंड मारावा लागू नये. लाईट लावून चहाला जाणाऱ्याला मशीनची किल्ली देऊ नका. थेट किरणात धरलेल्या मोबाईलचा सेन्सरही जातो.

कुणाच्या डोळ्यात गेलाच, तर "दुखत नाही म्हणजे काही नाही" ही शेवटची चूक. पडदा भाजला तरी दुखत नाही, डोळा लालही होत नसतो. एकेक डोळा झाकून दिनदर्शिकेचे चौकोन बघायला सांगा. मध्यभागी डाग दिसला, रेघ वाकडी किंवा तुटकी दिसली, तर त्याच दिवशी पडद्याचे डॉक्टर गाठा. चौकोन सरळ दिसले तरी एकदा दाखवून घ्यावं. मेडिकलमधून थेंब आणून घरी बसू नका.

दुसऱ्या दिवशी दिनदर्शिका घेऊन मी त्या आजींकडे गेलो. ठिपका कठड्याच्या वर आलाच नव्हता. आजींना चौकोन सरळ दिसत होते, नातू तर त्यावरचे आकडे वाचून दाखवायला लागला. आजींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "काल तो हिरवा दिवा मधेच का रे बंद केलास? पोरगं किती रडलं."