मोहाखाली काडी न लावता फुलं वेचायची कशी

मोह कधी टपकतो, टोपलं केवढं घ्यायचं, हे गडचिरोली-चंद्रपूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. सांगायचं आहे ते झाडाखालची जागा साफ करण्याबद्दल. कारण चुकीचा सल्ला तिथेच मिळतो: "काडी लाव, घटकेत मोकळं."

मीही लावायचो. एका फाल्गुनात वारा फिरला आणि आग सागाच्या पाचोळ्यातून पार नाल्यापर्यंत गेली. ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवता विझवता रात्र झाली. सकाळी पाहिलं तर आपोआप उगवलेली मोहाची गुडघाभर रोपं काळी पडली होती. मोहफुलांसारख्या गौण वनोपजाचा मालकी हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांना दिला आहे, म्हणजे जळालं ते आमचंच. जुनं झाड फुलत राहतं म्हणून हे नुकसान दिसत नाही, पण दरसाल जाळलेल्या जागेत नवा मोह उभा राहत नाही.

झाडायचंच, पण घाई करू नका. मोहाची पानं फुलांच्या आधी गळतात. पानगळ चालू असताना झाडलेलं सगळं वाया जातं. मी दोन वर्षं हेच करत बसलो. फांद्या उघड्या पडून टोकाला कळ्यांचे घोस दिसले की खराटा घ्या. सकाळी दव असताना पाचोळा नरम असतो, धूळही उडत नाही. खोडाकडून बाहेर झाडत फांद्यांच्या घेरापलीकडे न्या. शेजारी साग असेल तर त्या बाजूला बोराटीच्या फांद्या आडव्या टाका, उडून येणारी पानं तिथेच अडतात. पाचोळा खड्ड्यात टाकून वर शेणपाणी शिंपडा. पुढच्या वर्षी बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, खत होतं.

झाडलेल्या जागेवर जुनी लुगडी चार खुंट्यांना कमरेएवढ्या उंचीवर, मध्ये झोळ ठेवून बांधा. जमिनीवर अंथरलेल्या कापडावरच्या फुलांना माती आणि मुंग्या लागतात.

उजाडल्याशिवाय आणि एकट्याने मुळीच जाऊ नका. अस्वलाला मोह आवडतो, आणि वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघाने झडप घातल्याच्या घटना आपल्याकडे घडतच असतात.

फांदी झोडपायची नाही. पिकलेलं फूल स्वतःच गळतं आणि फळ धरणारा भाग झाडावरच राहतो. झोडपलं तर टोळी, म्हणजे मोहाची बी, गेली आणि तिचं तेलही गेलं.

फुलं पातळ पसरून कडक उन्हात वाळवा, रात्री झाका.

लुगडी धुऊन ठेवा, टोळीच्या वेळी पुन्हा लागतील.