सीआयएच्या अतींद्रिय हेरांचे कागद कसे वाचायचे, आणि घरी पडताळायचे कसे

आधी एक वही घ्या आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा, ‘पाहणाऱ्यानं काय सांगितलं’. उजवीकडे, ‘ते जुळलं हे कोणी ठरवलं, आणि त्याला आधीपासून काय ठाऊक होतं’. सीआयए या अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं ‘अतींद्रिय हेरगिरी’चे, म्हणजे दूरची जागा नुसत्या मनानं पाहण्याचे, प्रयोग करवले होते. त्यांचे कागद वाचायला बसाल तेव्हा ही वही शेजारी हवीच. ती नसेल तर दोन तासांत माणूस भारावून जातो. मी गेले होते.

मी कराडला एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी आठवी-नववीची अकरा पोरं माझ्याकडे येतात. त्यातल्या एकानं एकदा मोबाईल पुढे केला. ‘बाई, सीआयएनं स्वतःच कबूल केलंय. मनानं हजारो मैलांवरचं दिसतं. हे बघा त्यांचे कागद.’ मी त्याला उडवून लावलं असतं तर तो परत काही विचारायला आला नसता, म्हणून आम्ही ते कागद खरंच वाचायला घेतले. त्यात गेलेल्या रविवारांमधून जे हाती लागलं ते इथे सांगते.

पहिली गोष्ट, कागद खरे आहेत. ‘असं काही नव्हतंच’ म्हणून वादाला सुरुवात करू नका, पहिल्याच मिनिटाला हराल. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हॅरॉल्ड पुथॉफ आणि रसेल टार्ग या लेसरवर काम केलेल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी हे प्रयोग सुरू केले, आणि सीआयएनं त्याला पैसा दिला. रशियन लोक यात पुढे जातील ही धास्ती त्यामागे होती. इंगो स्वॉन हा न्यूयॉर्कचा चित्रकार आणि पॅट प्राइस हा माजी पोलीस अधिकारी, हे सुरुवातीचे ‘पाहणारे’. पुढे लष्करानं मेरीलँडमधल्या फोर्ट मीडला आपलं पथक बसवलं. नावं बदलत गेली: ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक, शेवटी स्टार गेट. १९९५ ला सगळं बंद झालं. तोवर साधारण दोन कोटी डॉलर खर्ची पडले होते.

हे कागद आता फुकट मिळतात. सीआयएच्या संकेतस्थळावर त्यांचं वाचनालय आहे, तिथे ‘स्टार गेट’ म्हणून शोधा. जानेवारी २०१७ पासून ते घरबसल्या उघडता येतात. त्याआधी मेरीलँडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन तिथल्या संगणकावर बसावं लागे. कागदाच्या नंबरची सुरुवात ‘सीआयए-आरडीपी९६’ अशी असेल तर तो या गठ्ठ्यातला. व्हिडिओत दाखवलेलं पान खरं की बनावट, हे आधी या नंबरावरून ताडा. आणि व्हिडिओत एकच पान दाखवलं असेल तर त्याच्या मागची-पुढची पानंही काढा. आमच्या त्या विद्यार्थ्यानं आणलेलं पान खरं होतं, पण त्याच बैठकीच्या पुढच्या पानांवरची भलतीच वर्णनं व्हिडिओवाल्यानं गाळली होती.

आता एक बैठक वाचू. कागदावर तारीख असते, पाहणाऱ्याच्या नावाऐवजी नंबर असतो, आणि त्याला प्रश्न विचारणारा एक जण असतो. या विचारणाऱ्यावर नजर ठेवा. त्याला लक्ष्य ठाऊक आहे का? तो ‘आणखी डावीकडे बघ’, ‘त्या इमारतीविषयी सांग’ असं म्हणतो का? वर्गात फळ्यापाशी उभ्या मुलाला मी ‘नक्की?’ असं विचारलं की तो उत्तर बदलतो. माझ्या आवाजावरूनच त्याला कळतं. तीस वर्षं मी हे रोज पाहिलं आहे, म्हणून प्रश्नांचे शब्द लाल पेनानं अधोरेखित करायला मी पोरांना लावते.

सगळ्यात जास्त फिरणारा कागद मंगळाचा, २२ मे १९८४ चा. बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर मंगळ आणि इसवी सनापूर्वी दहा लाख वर्षं असा काळ लिहिलेला. पाहणारा पिरॅमिडसारखे आकार सांगतो, उंच सडपातळ माणसं सांगतो. वाचताना अंगावर काटा येतो, हे मान्य. पण उजवीकडचा रकाना भरायला घ्या. दहा लाख वर्षांपूर्वीचा मंगळ कोण जाऊन ताडणार? रकाना कोराच राहतो. ज्या बैठकीचं उत्तर कोणाकडेच नाही ती बाजूला ठेवा, कितीही मोहक असली तरी.

सेमिपालातिन्स्कची बैठक मात्र नीट वाचा, कारण तिचं उत्तर उपलब्ध होतं. जुलै १९७४. प्राइसला सोव्हिएत कझाकस्तानातल्या एका जागेचे अक्षांश-रेखांश दिले, आणि ती जागा संशोधन व चाचण्यांची आहे एवढंही सांगितलं. त्यानं रुळांवरून सरकणारी एक प्रचंड क्रेन काढली. उपग्रहाच्या छायाचित्रात तिथे खरंच तशी क्रेन होती! हे चित्र पाहून आमच्याकडे पाच मिनिटं कोणी बोललं नाही. पण प्रकल्प हाताळणाऱ्या सीआयएच्या केनेथ क्रेस यांनी १९७७ मध्ये खात्याच्या अंतर्गत नियतकालिकात लिहिलेला लेख काढून वाचा. प्राइसनं क्रेनसोबत आणखी पुष्कळ काही सांगितलं होतं आणि त्यातलं बरंचसं चुकीचं निघालं. डावीकडे नुसती क्रेन लिहू नका. त्यानं उच्चारलेली प्रत्येक गोष्ट लिहा, बरोबर-चूक सगळी, आणि मगच बेरीज करा. क्रेनचं कोडं मला अजून सुटलेलं नाही, आणि ते सुटलं असं मी पोरांना सांगत नाही.

आता गाभ्याकडे येते. स्टॅनफर्डच्या प्रयोगांची रीत अशी: एक जण गाडी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या एखाद्या ठिकाणी जायचा. इकडे बंद खोलीत प्राइस बोलायचा, ते टिपून घ्यायचे. अशा नऊ फेऱ्या झाल्या की नऊ टिपणं परीक्षकाकडे जायची. तो नऊही ठिकाणी फिरून कुठलं टिपण कुठल्या जागेचं ते जुळवायचा. प्राइसच्या नवांपैकी सात जुळली. मलाही वाटलं, आता काय बोलणार?

न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठातल्या डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या मानसशास्त्रज्ञांनी ती टिपणंच मागवून वाचली. त्यात प्रयोगाच्या वेळचं सहज बोलणं तसंच राहिलं होतं: कालच्या जागेचा उल्लेख, किती जागा झाल्या त्याचा उल्लेख. आणि परीक्षकाला दिलेली ठिकाणांची यादी ज्या क्रमानं फेऱ्या झाल्या त्याच क्रमानं होती. एवढ्या खुणांवरून मार्क्स यांनी त्या जागांकडे न फिरकता टिपणं जुळवून दाखवली. १९७८ मध्ये हे ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं, आणि मूळ प्रयोगाचा निबंधही १९७४ ला तिथेच आला होता. नंतर चार्ल्स टार्ट या मानसशास्त्रज्ञांनी खुणा काढून टिपणं पुन्हा तपासून घेतली आणि ‘तरीही जुळतात’ असा दावा केला. १९८६ मध्ये मार्क्स आणि त्यांचे सहलेखक स्कॉट यांनी दाखवलं की खुणा अजूनही शिल्लकच होत्या.

हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही, करून पाहावं लागतं. तुम्हीही करा. गावातल्या, एकमेकींहून अगदी वेगळ्या पाच जागांचे फोटो काढा. आम्ही घेतले प्रीतिसंगमाचा घाट, एसटी स्टँड, आगाशिवची लेणी, भाजी मंडई आणि साखर कारखान्याचं धुराडं. प्रत्येक फोटो जाड खाकी पाकिटात, पुढेमागे पुठ्ठा घालून. पहिल्या रविवारी मी पांढरी पाकिटं वापरली होती. एका मुलीनं पाकीट सहज खिडकीपाशी धरलं तर धुराड्याची काळी रेघ सरळ दिसली. त्या दिवशीच्या सगळ्या फेऱ्या मी रद्द केल्या.

एकानं दुसऱ्या खोलीत जाऊन लुडोचा फासा टाकायचा. एक ते पाच जो आकडा पडेल ते पाकीट, सहा पडला तर पुन्हा टाकायचा. त्यानं परत या खोलीत यायचं नाही. पाहणाऱ्यानं दहा मिनिटं मनात येईल ते लिहायचं. कागदावर तारीख नको, फेरीचा नंबर नको, ‘मागच्या वेळसारखं’ असे शब्दही नकोत. टिपणं फोटोंशी जुळवणारा तिसराच हवा, आणि त्याला ती पिसून द्या. आमच्या एका टिपणात ‘मघाशी पाणी होतं, आता पाणी नाही’ असं वाक्य आलं होतं. जुळवणाऱ्या मुलीनं तेवढ्यावरून घाट वगळला आणि मग मार्क्सचा मुद्दा मी समजावायची गरजच उरली नाही. ते वाक्य आम्ही फळ्यावर लिहून ठेवलं.

आणखी एक टिपण सांगते. ‘दगड, उंच काहीतरी, माणसांचा आवाज, वरून उजेड येतोय.’ लेण्यांना लागू. घाटाला लागू. थोडं ताणलं तर स्टँडला आणि मंडईलाही लागू! लक्ष्य कळल्यावर वाचलं की प्रत्येक वाक्य नेमकं वाटतं, म्हणूनच लक्ष्य कळायच्या आत जुळवायचं.

हिशेब असा. पाचातलं एक, म्हणजे दहा फेऱ्यांत नुसत्या अंदाजानं सरासरी दोन जुळणार. चार किंवा अधिक जुळण्याची शक्यता शंभरात साधारण बारा, पाच किंवा अधिकची शंभरात तीन. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात पाचावर पोचणारं एखादं मूल योगायोगानंही सापडतं. ते मूल निवडून त्याच्याबद्दलच बोलत राहिलात तर गावात एक सिद्धपुरुष तयार होतो.

हे हाताखालून गेलं की १९९५ चा अहवाल वाचा, आधी नको. सीआयएनं तो अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्चकडून करून घेतला. त्यात संख्याशास्त्रज्ञ जेसिका उट्स म्हणतात की परिणाम सिद्ध झाला आहे, आणि मानसशास्त्रज्ञ रे हायमन म्हणतात की नाही. दोघांचंही पूर्ण वाचा, आपल्याला आवडेल तेवढंच उचलू नका. उट्स यांचं गणित कच्चं नाही. पण हायमन यांचा एक आक्षेप थेट तुमच्या उजव्या रकान्यात बसतो: अलीकडच्या प्रयोगांत जुळणी ठरवणारा परीक्षक एकच होता, आणि तो स्वतः प्रकल्पाचा प्रमुख होता. हेरगिरीबद्दल मात्र अहवालात संदिग्धता नाही. या पथकाच्या माहितीवर एकाही कारवाईची दिशा ठरलेली नव्हती.

आपल्याकडचा एक जोडअभ्यास घ्या. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची अशीच चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली आणि सर्वांत चांगला निकाल चाळीसपैकी चोवीस होता. हा चोवीस पोरांसमोर ठेवा आणि सत्तावीस जणांतला सर्वांत वरचा म्हणून त्याला किती वजन द्यायचं ते त्यांनाच विचारा.

आमच्याकडे मोबाईल घेऊन आलेल्या त्याच मुलाच्या दहापैकी चार फेऱ्या जुळल्या. चेहरा फुलला होता त्याचा. पुढच्या रविवारी त्याला त्याच नियमांनी पुन्हा दहा फेऱ्या दिल्या. एक जुळली. त्यानं स्वतःच वही उघडली आणि चारच्या खाली एक लिहिला. तुमच्या वहीतही दोन्ही आकडे एकाच पानावर असू द्या, आणि ती टिपणं, ती पाकिटं जपून ठेवा. पुढच्या वर्षीची पोरं ती मागतील.