अँड्र्यू वॉट्सनवर लिहिताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त गफलत होते ती एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये खेळलेल्या दोन कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंत, अँड्र्यू वॉट्सन आणि आर्थर व्हार्टन यांच्यात. नुसतं ‘पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू’ लिहून सोडून देऊ नका. कशात पहिला, तेही लिहा. वॉट्सन हा पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय खेळाडू. १२ मार्च १८८१ रोजी लंडनच्या ओव्हलवर तो स्कॉटलंडचा कर्णधार होता आणि इंग्लंडचा ६-१ असा धुव्वा उडाला. व्हार्टन गोलरक्षक, त्याचं नाव घेतलं जातं ते पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक, म्हणजे पैसे घेऊन खेळणारा, फुटबॉलपटू म्हणून. वॉट्सनचा क्वीन्स पार्क हा ग्लासगोचा हौशी क्लब होता. स्कॉटलंडमध्ये खेळाडूंना पैसे देणं १८९३ पर्यंत नियमबाह्यच होतं, म्हणून तिथल्या त्याच्या ‘करारा’बद्दल लिहू नका.

दुसरी चूक मला जास्त खटकते: गुलामीतून, गरिबीतून वर आलेला नायक. वॉट्सन १८५६ मध्ये ब्रिटिश गयानातल्या (दक्षिण अमेरिकेतला आजचा गयाना देश) डेमेरारात जन्मला. तिथली गुलामगिरी त्याआधी जवळपास दोन दशकं कायद्याने संपली होती. वडील पीटर मिलर वॉट्सन हे स्कॉटिश, साखरेच्या मळ्यांच्या धंद्यातले. आई हॅना रोझ तिथलीच, कृष्णवर्णीय. मुलगा हॅलिफॅक्स आणि लंडनच्या चांगल्या शाळांत शिकला, ग्लासगो विद्यापीठातही गेला. वडिलांमागे त्याला वारसा मिळाला. पण एवढ्यावर थांबलात तर गोष्ट अर्धीच राहते. त्या घराण्याच्या श्रीमंतीमागे गुलामांची मेहनत होती आणि त्याच पैशावर हा मुलगा शिकला. हे अवघड आहे, पण लिहायलाच हवं.

तो तीनच आंतरराष्ट्रीय सामने खेळला. तिन्ही जिंकले, मिळून १६-३. मग रंगामुळे वगळला, असा तर्क घाईने करू नका. १८८२ मध्ये तो लंडनला गेला आणि तेव्हा निवड स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांचीच होत असे. त्याच्यानंतर स्कॉटलंडकडून कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो थेट २००४ मध्ये, नायजेल क्वाशी. या १२२ वर्षांचा प्रश्न मात्र जरूर विचारा.

जुन्या लेखांत त्याचा मृत्यू ऑस्ट्रेलियात झाल्याचं सापडेल. तो १९२१ मध्ये लंडनच्या क्यू भागात वारला. कबर रिचमंडला आहे.

व्हार्टनचे किस्से वाचताना आजचे नियम लावू नका. तो आडव्या दांड्याला लोंबकळून पायांत चेंडू पकडायचा, असं सांगतात. त्या काळी गोलरक्षकाला खांद्याने धडक देणं सर्रास चालायचं. गोलची जाळी आणि पेनल्टी, दोन्ही १८९१ मध्ये आल्या.