इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरीचं कुलूप अडकलं तर

किल्ली आत जाते, जेमतेम पाव वळण फिरते आणि तिथेच थांबते. अशा वेळी बहुतेक जण एका हाताने बॅटरी बाहेर ओढतात आणि दुसऱ्याने किल्ली पिरगळतात. मीही तेच केलं होतं. किल्लीला मधोमध पीळ पडला, बॅटरी जागची हलली नाही. कुलूप ठणठणीत होतं, मी ओढत होतो म्हणून ते उघडत नव्हतं, हे नंतर कळलं.

आत काय घडतं ते एकदा लक्षात घ्या. बॅटरी ज्यात बसते त्या फ्रेमवरच्या बैठकीत एक खाच असते. किल्ली फिरवली की कुलपातला स्प्रिंगवाला खटका त्या खाचेतून मागे सरकतो. काही सायकलींत कुलूप बैठकीत आणि खाच बॅटरीत असते, तत्त्व तेच. बॅटरीचं वजन बहुधा दोन ते चार किलो. त्यात आपण ओढ दिली की खटका खाचेच्या भिंतीवर रुततो, मग त्याला मागे सरकायला वावच राहत नाही. फुगलेल्या दाराची कडी दार आत दाबल्याशिवाय निघत नाही, तसाच हा प्रकार.

तेलाच्या आधी तळहात

आधी बॅटरी बंद करा, तिच्यावर बटण असेल तर. काही जुन्या रचनांत बॅटरी चालू-बंद करायलाही तीच किल्ली वापरतात आणि कुलूप उघडायची जागा त्याच्या पुढे असते. कधी किल्ली थोडी आत दाबूनच फिरवावी लागते. हे माहितीपुस्तकात एकदा बघून घ्या. कुलूप उघड्या स्थितीत असताना किल्ली बाहेर येत नसेल तर तोही बिघाड समजू नका, पुष्कळ कुलपं मुद्दाम तशी बनवलेली असतात.

आता सायकल स्थिर उभी करा. तळहाताने बॅटरी बैठकीत घट्ट आत दाबा आणि दाब तसाच ठेवून किल्ली हलक्या हाताने फिरवा. जमलं नाही तर बॅटरी किंचित वर, मग खाली, मग डावीकडे, उजवीकडे रेटत प्रत्येक वेळी किल्ली फिरवून पाहा. कुठल्या तरी एका जागी खटक्यावरचा भार उतरतो आणि किल्ली अचानक लोण्यासारखी फिरते. खालच्या तिरक्या दांडीवरची बॅटरी वर उचलून धरली तर बहुधा फरक पडतो. कॅरिअरमधली बॅटरी असेल तर मागून पुढे ढकला. दोन माणसं असली तर काम सोपं होतं: एकाने दाबायचं, दुसऱ्याने फक्त किल्ली सांभाळायची.

जोर किती लावायचा? अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत मावेल तेवढाच. किल्लीला पक्कड लावायची वेळ आली असं वाटलं की थांबा.

दुसरी किल्ली घरात असेल तर ती आत्ता काढा. रोजच्या वापरातल्या किल्लीचे दात झिजतात, आणि झिजलेली किल्ली आतल्या पट्ट्या पुरत्या उचलत नाही. न वापरलेल्या किल्लीने कुलूप उघडलं तर दोष कुठे होता ते कळलंच.

तरीही हलत नसेल तर

मग आत मळ किंवा गंज आहे असं धरायला हरकत नाही. दांडीवरच्या कुलपावर पुढच्या चाकाचा चिखल सतत उडतो, आणि जोराच्या फवाऱ्याने सायकल धुतली की पाणी थेट किल्लीच्या भोकात शिरतं.

गंज सोडवणारा स्प्रे घ्या, त्याची बारीक नळी भोकात घाला आणि अगदी छोटा फवारा मारा. खाली फडकं धरा, कारण हे द्रव बॅटरीच्या विजेच्या टोकांपर्यंत ओघळायला नको. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग किल्ली न फिरवता नुसती आत-बाहेर करा, दर वेळी पुसून. पहिल्या तीन-चार खेपांना किल्लीवर काळपट चिकट थर येतो. तो येईनासा झाला की बॅटरी दाबून पुन्हा फिरवून बघा.

कुलपासाठी ग्रॅफाइटची भुकटी चांगली, असं बरेच जण सांगतात. दाराच्या कुलपाला ती खरंच चांगली. पण ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणून बॅटरीशेजारी मी ती वापरत नाही. खाण्याचं तेलही नको, ते पुढे चिकट होऊन धूळ धरतं. थंडीने कुलूप गोठलं असेल तर सायकल उबदार जागी आणा आणि वाट बघा. लायटर किंवा उकळतं पाणी बॅटरीच्या आसपासही नको.

इथे हात आवरा

बॅटरी आणि बैठक यांच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. आत लिथियम-आयन सेल असतात. पूर्ण चार्ज झालेल्या ३६ व्होल्टच्या बॅटरीत ४२ व्होल्ट असतात. स्क्रूड्रायव्हर सेलमध्ये घुसला किंवा विजेच्या दोन टोकांना एकदम टेकला तर ठिणगी पडते, आग लागू शकते. ड्रिलचंही तेच. ड्रिल किती खोल जातंय ते कळत नाही आणि धातूचा कीस आत पडतो तो वेगळाच. कुलूप फोडायचीच वेळ आली तर सायकल दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्या. कुलूपवाल्याला बोलावलंत तर मागे बॅटरी आहे हे त्याला आधीच सांगा.

बॅटरीचं कवच फुगलेलं दिसलं, वास आला किंवा ती गरम लागली, तर कुलपाचा विचार सोडा. सायकल शक्य असेल तर मोकळ्या जागी न्या आणि जाणकाराला बोलवा.

किल्ली आत तुटली असेल तर एक गोष्ट महत्त्वाची. कुलूप किल्ली घालायच्या मूळ स्थितीत असेल तरच तुकडा बाहेर येतो. अर्धवट फिरलेलं असेल तर आधी बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते हळूच मागे आणा. मग नक्षीकामाच्या करवतीचं बारीक पातं तुकड्याच्या कडेने आत सरकवून, दात अडकवून ओढा. जाड चिमटा वापरू नका, तो तुकडा आणखी आत ढकलतो.

उघडलं, आता दुरुस्ती

बॅटरी निघाली की लगेच परत बसवू नका. जुन्या टूथब्रशने खाच साफ करा. खटका बोटाने दाबा आणि सोडा. तो टपकन बाहेर यायला हवा, रेंगाळला तर स्प्रिंग मळलेली किंवा थकलेली आहे.

मग मार्करने खटक्याच्या चारही बाजू रंगवा, बॅटरी बसवून पुन्हा काढा. रंग जिथे खरवडला गेला तिथे खटका घासतोय. एकाच बाजूला खरवडला असेल तर बैठक सरकली आहे. तिचे स्क्रू अॅलन कीने तपासा, बहुतेकदा एखादा सैल सापडतो. सैल करून बैठक केसभर हलवा, आवळा, पुन्हा रंगवून बघा. मला हे तीनदा करावं लागलं.

आधी मारलेला स्प्रे काही दिवसांत उडून जातो, म्हणून शेवटी भोकात सुकं पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण मारा आणि खटक्यावर बोटाच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस लावा. विजेच्या टोकांना यातलं काही लागू देऊ नका. भोकावरचं रबरी झाकण हरवलं असेल तर नवं बसवा.

आणि किल्लीवर कोरलेला क्रमांक कुठेतरी लिहून ठेवा. तो असेल तर बऱ्याच कुलपांची नवी किल्ली तेवढ्यावर बनवून मिळते. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवू नका.